हेरल्डची बॉडी चॅसीवरून उचलण्याआधी सपोर्ट कसे मारावेत

हेरल्ड या जुन्या मोटारीचे छत उतरवून दोन्ही दारे बाजूला ठेवली, की बॉडीच्या पुढच्या भागाला मागच्या भागाशी धरून ठेवणारा एकच दुवा उरतो, आणि तो म्हणजे पुढच्या सीटांच्या मागे, तळाच्या पत्र्यावर आडवी गेलेली बोल्टची रांग. चॅसी, म्हणजे बॉडी पेलणारा लोखंडी सांगाडा, खाली असेपर्यंत हे जाणवत नाही, कारण दोन्ही भाग चॅसीवर आपापल्या जागी बोल्टने बसलेले असतात आणि खरा भार चॅसीच वाहते. बॉडी हवेत गेली, की मात्र हा दुवा बिजागरीसारखा वागू लागतो. मधोमध उचलली तर दोन्ही टोके खाली झुकतात आणि दाराची चौकट वरच्या बाजूला रुंदावते. टोकांना उचलली तर मधला भाग बसतो आणि तीच चौकट वर आवळते. असे एकदा झाले, की पुढे महिनाभर दारे घासत राहतात, आणि दोष बिजागऱ्यांचा समजून माणूस बिजागऱ्याच पिटत बसतो. गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘सपोर्ट मारणे’ म्हणतात, म्हणजे लोखंडी नळ्या तात्पुरत्या वेल्ड करून किंवा बोल्टने कसून बॉडीचा आकार बांधून ठेवणे, ते हे टाळण्यासाठी.

ही गाडी अशी तुकड्यांत का घडवली, हे थोडक्यात सांगणे गरजेचे आहे, कारण सपोर्ट कुठे मारायचे हे त्यावरूनच ठरते. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ मध्ये बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या प्रतिस्पर्धी मोटार कंपनीने घेतला. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात इतर कंपन्या चॅसी नसलेल्या अखंड बॉडीकडे वळत असताना, तशी अखंड बॉडी एका जागी करवून घेण्याचा मार्ग स्टँडर्ड-ट्रायम्फपुढे उरला नव्हता. त्यांनी वेगळी चॅसी ठेवली आणि इटालियन डिझायनर जोव्हानी मिकेलोत्तीने रेखाटलेली बॉडी वेगवेगळ्या ठिकाणी बनवून बोल्टने जोडता येईल अशा भागांत विभागली. १९५९ साली इंग्लंडमध्ये ही गाडी आली, आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने आपल्याकडे बनवली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की दाराची चौकट कोणत्याही एका भागाची नाही. बिजागऱ्यांचा पुढचा खांब फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, भागावर आहे, तर कुलूप अडकते तो मागचा खांब मागच्या भागावर आहे. छत हा तिसरा भाग, आणि कमरेच्या, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेच्या, वर या दोघांना जोडणारा तेवढा एकच. हा लेख दोन दारांच्या हेरल्डवर बेतलेला आहे. चार दारांची गाडी असेल तर प्रत्येक चौकट स्वतंत्र धरून हीच पद्धत दोनदा वापरावी.

दोन भाग करून उचलावी की एकसंध?

बोल्ट काढून बॉडीचे दोन भाग वेगवेगळे उचलता येतात, आणि तीन माणसांत ते काम होते, म्हणून पुष्कळ जण तो मार्ग घेतात. माझे मत नवख्या माणसासाठी त्याच्या विरुद्ध आहे. कारखान्यात हे भाग एकमेकांशी जुळवताना जी थोडीफार खालीवर सरक ठेवली गेली, ती बोल्टच्या भोकांच्या मोकळीकीत दडलेली असते. बोल्ट सुटले की ती नोंद पुसली जाते, आणि ती पुन्हा शोधायला अनुभवी डेंटर लागतो. तळाचा पत्रा इतका गेला असेल की जोडाच्या रांगेतले बोल्ट भुगा झालेल्या पत्र्यालाच धरून आहेत, तरच भाग वेगळे करण्याला पर्याय नाही. बाकी वेळी सपोर्ट मारून बॉडी एकसंध उचलावी.

छताचा प्रश्न मात्र वेगळा आहे. छत ठेवून उचलली तर बॉडी अधिक ताठ राहते हे खरे, पण छताचे बोल्ट आणि खालचे रबर बहुधा बदलायचेच असतात. मी सपोर्ट मारून होईपर्यंत छत जागेवर ठेवतो आणि बॉडी उचलण्याच्या आदल्या दिवशी काढतो. म्हणजे नळ्या बसवताना छतही आकार धरून असते.

आधी आकार, मग सपोर्ट

सपोर्ट स्वतः काही सरळ करत नाही. तो ज्या क्षणी वेल्ड होतो त्या क्षणीचा आकार गोठवतो, मग तो आकार बरोबर असो वा वाकडा. म्हणून सपोर्ट मारण्याचे काम गाडी चॅसीवर, चारही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असताना आणि दारे बिजागऱ्यांवर टांगलेली असतानाच करावे. एका कोपऱ्याखाली जॅक लावलेला असताना नळी टाकली, तर जॅकने दिलेला पीळ त्या नळीत कायमचा अडकतो.

जमीन सपाट आहे हे डोळ्यांनी ठरवू नये. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी यासाठी स्पिरिट लेव्हलपेक्षा सरस आहे. नळीत पाणी भरून बुडबुडे निघून जाऊ द्यावेत, एक टोक पुढच्या डाव्या चाकाजवळ भिंतीवरच्या किंवा खांबावरच्या खुणेशी धरावे, दुसरे टोक बाकी तीन चाकांजवळ फिरवावे, आणि प्रत्येक ठिकाणी पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. जिथे जमीन खोल असेल तिथे चाकाखाली तेवढ्याच जाडीची पट्टी सरकवावी. टायरमधील हवा चारही बाजूंना सारखी असावी, एवढेही पाहून घ्यावे.

यानंतर दारांच्या फटी पाहाव्यात. दार बंद करून भोवतालची फट खालपासून वरपर्यंत बघावी. चार-पाच मिलिमीटरची सारखी फट असेल तर उत्तम. मागच्या कडेची फट खाली रुंद आणि वर निमुळती होत असेल, तर बॉडीचा मध्य बसलेला आहे, आणि याचे कारण बहुतेक वेळा बॉडीत नसून चॅसीच्या आउटरिगरमध्ये असते. चॅसीच्या दोन मुख्य दांड्यांतून बाजूला निघणारे हे हात बॉडीच्या कडा पेलतात. चाकांनी उडवलेला चिखल त्यांच्यावर साचतो, आणि आपल्याकडचे पावसाळे, त्यातही मुंबई-कोकणची खारी हवा, त्यांना आतून खाते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकले की चांगला पत्रा टणटणतो आणि गेलेला पत्रा भद्द आवाज करतो. मग पात्याचे टोक टेकवून थोडे दाबले, की ते गंजाचा पापुद्रा फोडून सरळ आत जाते. असा आउटरिगर सापडला, तर त्याच्या बाजूला बॉडीखाली लाकडी ठोकळा ठेवून बाटली जॅकने मिलिमीटर-मिलिमीटरने उचलावे, दाराची फट सारखी होईपर्यंत. वर सांगितलेल्या जॅकच्या नियमाला हा एकच अपवाद आहे, कारण इथे जॅक पीळ देत नाही, मोडलेल्या हाताची जागा घेतो.

मोजमाप आणि नोंद

मोजमापांसाठी एकच टेप वापरावा आणि तो शेवटपर्यंत बदलू नये. टेपच्या टोकाचा हूक सैल असतो, म्हणून शून्याऐवजी दहा सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजून नंतर तेवढे वजा करण्याची सवय लावावी. प्रत्येक खांबावर, वर आणि खाली, पत्रा घट्ट असलेल्या जागी सेंटर पंचाने एक बारीक खूण करावी. खडूची खूण आठवड्यात पुसली जाते, तर पंचाची खूण रंगाखालीही सापडते.

प्रत्येक दाराच्या चौकटीची चार अंतरे घ्यावीत: वरची आडवी, खालची आडवी आणि दोन्ही कर्ण. मग आतल्या बाजूने डाव्या पुढच्या खांबापासून उजव्या मागच्या खांबापर्यंत आणि उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत असे दोन कर्ण घ्यावेत. हे दोन सारखे नसतील तर बॉडी वरून पाहताना चौकोन राहिलेली नाही, ती पतंगासारखी कलली आहे. माझ्या पहिल्या गाडीत हा फरक अकरा मिलिमीटर निघाला, आणि तो डाव्या बाजूच्या जुन्या धडकेचा होता. तो सपोर्ट मारण्याआधी कळला म्हणून सुधारता आला. पुढचे दोन खांब एकमेकांपासून आणि मागचे दोन खांब एकमेकांपासून किती दूर आहेत, हेही लिहावे. डिकीच्या चौकटीचे दोन कर्ण पुरतात.

एक उपयुक्त सवय अशी, की दाराच्या चौकटीचा तीन मिलिमीटर प्लायवुडचा साचा कापून ठेवावा. आकडे चुकीचे लिहिले जातात, उलट लिहिले जातात, वहीवर ऑइल सांडते. साचा चौकटीत धरला की बसतो किंवा बसत नाही, तिसरे काही होत नाही. फोटो भरपूर काढावेत आणि त्यात चॅसी नंबराची पाटीही असू द्यावी. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांत चॅसी आणि बॉडीत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. सपोर्ट तात्पुरते होते आणि चॅसी मूळचीच आहे, हे पुढे कोणी विचारले तर दाखवता येते.

सामान

एक इंची चौकोनी नळी, म्हणजे २५ बाय २५ मिलिमीटर, २ मिलिमीटर जाडीची, या कामाला पुरेशी आहे. मीटरला साधारण दीड किलो वजन भरते, त्यामुळे सगळे सपोर्ट मिळून बॉडीवर पंधरा-सोळा किलोंचाच भार पडतो. दुकानात ही नळी वीस फुटांच्या लांबीत मिळते. दोन लांब्यांत काम बसते, पण तिसरी आणून ठेवावी, कारण पहिल्या दोन-तीन नळ्या बहुतेकांच्या हातून आखूड कापल्या जातात. बांधकामाची सळई वापरू नये. ती ओढ सोसते पण दाब आला की धनुष्यासारखी वाकते. गॅल्व्हनाइज्ड नळी तर मुळीच नको, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा विषारी धूर निघतो आणि आतल्या बंदिस्त जागेत तो सरळ छातीत जातो.

नळी पत्र्याला थेट वेल्ड करू नये. बॉडीचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाड, नळी त्याच्या दुप्पट. टोकाच्या चार कडांवर ताण आला की पत्रा फाटतो. त्याऐवजी ५० बाय ७५ मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापाव्यात, त्या खांबावर वेल्ड कराव्यात आणि नळी या पट्ट्यांना जोडावी. शक्य तिथे पट्टी आधीच असलेल्या भोकांवर बोल्टने बसवावी. छताची किंवा सीटची भोके त्यासाठी उपयोगी पडतात, पण सीटची भोके ज्या तळाच्या पत्र्यात आहेत तो बदलायचा असेल, तर ती वापरू नयेत.

वेल्डिंगसाठी गॅरेजमध्ये ज्याला ‘सीओटू’ म्हणतात ते मिग मशीन घ्यावे. साध्या काडीच्या वेल्डिंगने जाड लोखंड जोडता येते, पण एवढ्या पातळ पत्र्यावर नवख्या हाताने भोकच पडते. स्वतःला वेल्डिंग येत नसेल तर मापे घेऊन, नळ्या कापून, खडूने जागा आखून सगळी तयारी आपण करावी आणि वेल्डरला अर्ध्या दिवसासाठी बोलवावे. मात्र तो आला की त्याच्याजवळ उभे राहावे. मजबूत काम करण्याची सवय असलेला माणूस टाका, म्हणजे छोटासा तुटक वेल्ड, मारायचा तिथे पूर्ण जोड ओढून मोकळा होतो, आणि पत्रा आकसतो.

वेल्डिंगच्या आधी डिकीतली पेट्रोलची टाकी काढून गॅरेजच्या बाहेर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ असते. बॅटरी सोडवावी, सीट, कार्पेट आणि दारांची रबरे काढावीत, वायरिंग बाजूला बांधून ठेवावे, आणि पुढची काच काढलेली नसेल तर तिच्यावर ओले गोणपाट टाकावे. वेल्डिंगची ठिणगी काचेत रुतली की तो ठिपका कशानेही जात नाही. वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.

नळ्यांची मांडणी

मांडणीचा सगळा अर्थ त्रिकोणात आहे. चार बाजूंच्या चौकटीचे सांधे थोडे जरी लवले तरी ती तिरकी होते; सांधे ढिले झालेली जुनी बाज आठवावी, बसले की ती एका अंगाला डुलते. त्याच चौकटीत एक तिरकी दांडी घातली, की दांडी वाकल्याशिवाय किंवा तुटल्याशिवाय आकार बदलूच शकत नाही.

पहिल्यांदा दोन्ही दारांच्या चौकटी घ्याव्यात. एक नळी कमरेच्या उंचीवर पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आडवी, आणि दुसरी पुढच्या खांबाच्या पायापासून मागच्या खांबाच्या माथ्यापर्यंत तिरकी. या दोन्ही नळ्या चौकटीच्या आतल्या बाजूला, दाराच्या रबराची कड जिथे येते तिच्याही आत, गाडीच्या आतल्या अंगाला असल्या पाहिजेत, म्हणजे सपोर्ट असतानाही दार टांगता आणि पूर्ण बंद करता येईल. हा मुद्दा मी किंमत मोजून शिकलो आहे. पहिल्यांदा मी नळी चौकटीच्या मधोमध मारली, कारण तिथे वेल्डिंगला जागा प्रशस्त होती; बॉडी परत चॅसीवर ठेवल्यानंतर दार लावून फट तपासायची वेळ आली, तेव्हा दार नळीवर आपटून अर्धवट उघडे राहिले. सपोर्ट कापल्याशिवाय दार लागेना, आणि दार लागल्याशिवाय सपोर्ट कापणे बरोबर आहे की नाही ते कळेना.

दुसऱ्या टप्प्यात आडवे दोन: पुढच्या दोन खांबांमध्ये एक, मागच्या दोन खांबांमध्ये एक. यांनी बॉडी रुंदीत पसरत किंवा आवळत नाही. त्यानंतर या दोन आडव्या नळ्यांमध्ये, डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत एक लांब तिरकी नळी, जी पतंगासारखे कलणे रोखते. इथे फुलीसारख्या दोन तिरक्या नळ्या मारण्याचा मोह होतो. नळी ओढ आणि दाब दोन्ही सोसते, त्यामुळे एक पुरते. दोन मारल्या तर तळाचा पत्रा बदलायला आत माणूस शिरू शकत नाही.

शेवटी चारही खांबांच्या कमरेपासून खाली, पत्रा शाबूत असलेल्या जागी, चार आखूड आधार द्यावेत. मागच्या खांबांसाठी चाकाच्या कमानीचा आतला भाग बहुधा चांगला असतो; पुढच्या खांबांसाठी फायरवॉलचा खालचा कोपरा तपासून घ्यावा. नियम सोपा आहे: जो पत्रा पुढे कापून टाकायचा आहे, त्यावर सपोर्टचे कोणतेही टोक येता कामा नये. हेरल्डच्या बाहेरच्या सिल, म्हणजे दाराखालच्या लांब पट्ट्या, बोल्टने बसतात आणि त्या तशाही काढायच्या असतात, म्हणून त्यांचा विचारही करू नये.

टाके मारण्याची पद्धत

प्रत्येक नळी आधी मापून, टोके खांबाच्या कोनात घासून, हाताने सहज पण घसरणार नाही अशी बसली पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेली नळी खांबांना दूर ढकलते, आणि फट राहिलेली नळी वेल्ड आकसताना खांबांना आत ओढते. कागदाची दोन घडी सरकेल एवढी जागा बरोबर.

पट्टी जिथे बसायची तिथला रंग, पुट्टी आणि डांबरी लेप घासून पत्रा चकाकेपर्यंत साफ करावा. मशीनचा अर्थ चिमटा त्याच भागावर, वेल्डच्या शक्य तितका जवळ लावावा. मग एका टोकाला एक टाका, लगेच दुसऱ्या टोकाला एक टाका, आणि थांबावे. पत्र्यावर हात ठेवता येईल इतका तो निवला की टेप लावून चारही अंतरे पाहावीत आणि मगच विरुद्ध बाजूच्या चौकटीत तसेच करावे. डावीकडचे सगळे संपवून उजवीकडे जाणे, ही घाईची पद्धत आहे आणि तिची शिक्षा पत्रा देतो. प्रत्येक टोकाला दहा-बारा मिलिमीटरचे तीन किंवा चार टाके पुरे. पूर्ण जोड ओढण्याची गरज कुठेही नाही, कारण हे टाके पुन्हा ग्राइंडरने काढायचे आहेत.

सगळ्या नळ्या बसल्यावर नोंदवहीतील प्रत्येक माप पुन्हा घ्यावे. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून अधिक असेल, तर ज्या नळीने ओढ दिली तिचे एक टोक सोडवून पुन्हा बसवावे. आज हे वीस मिनिटांचे काम आहे, बॉडी खाली उतरल्यावर ते आठवड्याचे होईल.

सुटे करणे आणि उचलणे

बॉडी आणि चॅसी यांना जोडणाऱ्या गोष्टींत बोल्ट सर्वांत कमी त्रास देतात. पुढचे बॉनेट सगळे एकत्र पुढे उलटते, ते बिजागरीच्या बोल्टवरून काढून ठेवावे. स्टिअरिंग कॉलमचा खालचा क्लॅम्प, ब्रेक आणि क्लचच्या मास्टर सिलिंडरपासून निघालेल्या नळ्या, हँडब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल, ॲक्सिलरेटर आणि चोक, पेट्रोलची नळी, इंजिनची अर्थिंगची पट्टी, गिअरबॉक्सवरचे आतले झाकण आणि गिअरचा दांडा, हे सगळे एका कागदावर लिहून एकेक खोडत जावे. मी ही यादी फायरवॉलवर चिकटवून ठेवतो.

बॉडीचे बोल्ट इंची आहेत, बहुतांश ठिकाणी अर्ध्या इंचाचा आणि सात-सोळांशचा पाना लागतो. मिलिमीटरचा जवळचा पाना लावून डोकी गोल करू नयेत. गंजलेल्या नटांना आदल्या दोन दिवशी गंज सोडवणारे ऑइल पाजून ठेवावे. प्रत्येक बोल्टखाली जे पॅकिंग आणि पातळ पत्र्याच्या चकत्या निघतील त्या वेगळ्या पिशवीत, जागेचा क्रमांक लिहून ठेवाव्यात. उजवीकडे दोन चकत्या आणि डावीकडे एकही नाही, असे दिसले तर ती कोणाची चूक समजू नये. कारखान्याने दारांच्या फटी अशाच जुळवल्या होत्या.

उचलण्यासाठी चार इंची चौकोनी लाकडाचे दोन लांब वासे घ्यावेत. एक फायरवॉलच्या खाली, दुसरा मागच्या चाकांच्या कमानींच्या थोडा पुढे आडवा सरकवावा. सहा माणसांत हे काम होते. चेन ब्लॉक असेल तर पट्टे वाशांना बांधावेत, सपोर्टच्या नळ्यांना कधीही नाही. नळ्या आकार धरायला मारल्या आहेत, टाक्यांवर पूर्ण बॉडी टांगायला नाही. बॉडीखाली अंग घालून कोणीही वाकू नये, मग ती कितीही हलकी वाटो.

पहिली उचल एक इंचाचीच असावी. बॉडी एक इंच वर घेऊन ठोकळ्यांवर टेकवावी, टॉर्च घेऊन चारही बाजूंनी खाली पाहावे, आणि जे विसरले ते सापडेल. काही ना काही विसरलेले असतेच, बहुधा अर्थिंगची पट्टी किंवा बॉडीवर चिमट्याने बसवलेली ब्रेकची एखादी नळी. याच वेळी दाराच्या चौकटीत प्लायवुडचा साचा धरून पाहावा. तो बसला तर पुढे उचलावे. नाही बसला, तर बॉडी परत चॅसीवर ठेवावी आणि कोणत्या बाजूला फरक पडला ते पाहून तिथे आणखी एक तिरकी नळी मारावी.

पुरेशी वर आली की चॅसी स्वतःच्या चाकांवर पुढे ढकलून बाहेर काढावी आणि बॉडी लाकडी घोड्यांवर ठेवावी. घोडे चॅसीचे बोल्ट होते त्याच जागांखाली यावेत. बॉडी दोन टोकांना टेकवून मध्ये मोकळी ठेवणे, किंवा भिंतीला तिरकी उभी करणे, सपोर्ट असले तरी टाळावे.

परत बसवताना

चॅसीचे काम पूर्ण झाल्यावर, तिचे कर्ण तपासल्यावर, बॉडी त्याच क्रमाने खाली घ्यावी. पॅकिंग आणि चकत्या आपापल्या जागी घालून सगळे बोल्ट हाताने फिरतील इतपतच लावावेत. मग सपोर्ट असतानाच दारे टांगावीत, फटी पाहाव्यात, लागेल तिथे चकती घालावी किंवा काढावी, छत बसवावे, आणि मगच बोल्ट मधल्या भागापासून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे कसत जावेत. नवा आउटरिगर बसवला असेल तर जुन्या चकत्यांचा हिशेब जुळेलच असे नाही. इथे आकड्यांपेक्षा दाराच्या फटीवर विश्वास ठेवावा.

बोल्ट पूर्ण कसल्याशिवाय एकही नळी कापू नये. आणि ती टोकाला ग्राइंडरने कापायची नाही. आधी मधोमध कापावी, हाताच्या हॅक्सॉने. कारण असे, की नळीत ताण किंवा दाब उरला असेल तर तो हॅक्सॉच्या पात्यावर कळतो. शेवटचा पत्रा तुटताना पाते जागीच आवळले गेले, तर खांब एकमेकांकडे येऊ पाहत होते आणि नळी त्यांना रोखून होती. काप एकदम उघडून नळीची दोन टोके दूर उडाली, तर उलट. दोन्ही वेळी बाकीच्या नळ्यांना हात न लावता त्या बाजूच्या बोल्टखालच्या चकत्या पुन्हा पाहाव्या लागतात. पाते सुरुवातीला जसे सैल चालत होते तसेच शेवटपर्यंत चालले आणि कापाची फट पात्याच्या जाडीएवढीच राहिली, की दुसरी नळी कापायला घ्यावी, आणि सगळ्या निघाल्यावर टाके घासून तिथल्या उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्राइमर मारावा.